धुऱ्यावरचे साग

वणी
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय पूनमसिंग,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तू पाकिटाला डिंक लावतोस की भिंतीला गिलावा करतोस? तुझं पत्र उघडताना दर वेळी कागदाची एक कड पाकिटासोबत जाते, आणि माणूस काही कामाचं लिहितो ते नेमकं त्या कडेवरच. या वेळी 'तुरीवर' एवढं वाचता आलं. तुरीवर अळी आली, फुलं आली की वीज पडली, हे तुझ्या डिंकालाच ठाऊक. मी पाकिटाला चहाच्या भांड्यावर वाफ देऊन पाहिली. इंदू म्हणाली, "तीस वर्षं संस्कृत शिकवून शेवटी दुसऱ्याची पत्रं फोडायला लागले." माझंच पत्र आहे हे सांगेपर्यंत चहा उतू गेला.

फोन करत जा, असं तू म्हणणार. पण तुला कमी ऐकू येतं म्हणून तू फोन मोठ्या आवाजावर ठेवतोस आणि आपलं बोलणं अख्खा तांडा ऐकतो. मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीवर तुमच्या नायकाने मध्येच तोंड घालून औषध सांगितलं. त्यापेक्षा तुझा डिंक परवडला.

आता मुद्द्याचं. जमनीवहिनीला वावरात घर हवंय, आणि तेही धुऱ्यावरच्या सागाचं, हे वाचून मला फार बरं वाटलं. तुझ्या आणि तुझ्या चुलतभावाच्या, धावजीच्या वावरांमधला तो धुरा, तो मातीचा बांध, मला चांगला आठवतो. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तिने त्या रोपांना नाल्यावरून गुंडाने, त्या पितळी घागरीने, पाणी वाहून घातलं होतं. मी सुट्टीत आलो होतो. मला म्हणाली, "भाऊजी, नुसते बोलू नका, एक गुंड उचला." उचलला, आणि अर्धा धोतरावर सांडला. आता नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाला आराम सांगितलाय, तांड्यातल्या घराच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, आणि तिला आपण वाढवलेल्या झाडांच्या तुळयांखाली झोपायचंय. यात जगावेगळं काय मागितलं तिने? झाडं तिची, वावर तुमचं, सुतार पैसे घेऊन काम करायला तयार.

पण नाही. सागाची सावली तुझी, पाला तुझा, पाल्यात निघणारे साप तुझे. फक्त कुऱ्हाड लावायची वेळ आली की झाड सरकारचं. आधी अर्ज, मग पाहणी, मग बुंध्यावर हातोड्याचा छाप, मग तोडणी, मग लाकूड बैलबंडीत घालायचं तर वाहतुकीचा पास. तुझ्या धुऱ्यावरून तुझ्याच वावरात न्यायचं तरी.

झरी जामणीकडे माझ्या मावशीचं वावर आहे. तिथे धुऱ्यावर सागाचं रोप दिसलं की लोक ते वीतभर असतानाच उपटतात, तण उपटावं तसं. मी विचारलं, तर मावशी म्हणाली, "मोठं झालं का थे आपलं राहत नाही बाप्पा. मंग वाढवाचं कोनासाठी?" झाडं वाचवायला केलेल्या कायद्याच्या धाकाने झाड उगवतं तिथेच मरतं, आणि हे राजधानीत कुणाला कळत नाही, कारण न वाढलेल्या झाडाची मोजदाद कुणी करत नाही.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी लिहितो. सरकार असावं, मी काही जंगलात राहायला निघालेलो नाही. पण ते पहारेकऱ्यासारखं असावं. चोर आला तर त्याने काठी घेऊन उठावं, आणि एरवी फाटकाबाहेर बसावं. आपला पहारेकरी माजघरात येऊन बसलाय आणि मालकाला विचारतोय, "ही पेटी कशाला उघडता?"

असो. चिडून घर होत नाही. तू रीतसर अर्ज कर. आणि अर्जाआधी धुऱ्याची मोजणी करून घे. झाड कुणाच्या हद्दीत, हा पहिला प्रश्न तेच विचारणार. हद्द स्पष्ट असेल तर निम्मं भांडण तिथेच संपतं.

वहिनीला नमस्कार. तुरीचं काय झालं ते कागदाच्या मधोमध लिही.

तुझा,
सदाशिव


तांडा, बोरी अरब
२४ नोव्हेंबर २०२४

सदा मास्तर,

राम राम. तुरीवर अळी हाय. फवारा मारला. झालं तुह्यं समाधान? डिंक कमी लावला हाय, आता पत्र रस्त्यातच उघडलं तं मले बोलू नको.

तू म्हनतलं म्हून तालुक्याले गेलतो. अर्जाचं इचारलं. तिथं एक बाबू होता, चांगला मानूस, मले खुर्ची देल्ली. म्हने, "काका, झाड कापाच्या भानगडीत कायले पडता? तुमचं नाव घरकुलाच्या यादीत हाय. सरकार फुकट घर देऊन राह्यलं, घ्या ना." म्या म्हनलं, साहेब, मले घर नोको, माह्यं झाड मले द्या. थो हासला. म्हने, "घर देनं आमच्या हातात हाय, झाड देनं दुसऱ्या खात्याकडं हाय."

हे म्या जमनीले सांगतलं. थे बाजीवर पडल्या पडल्या हासली, मंग खोकली, मंग म्हने, "फुकटच्या घरात पाहुन्यासारखं राहा लागते. उद्या कोनी म्हनलं, बाई, उठ, तं? मी नाई जात." गोष्ट संपली.

दम लागते तिले. पन ठीक हाय. तू घाबरू नको.

आता मोजनीचं. मास्तर, तुले तांड्याची रीत मालूम नाई असं नाई, तरी सांगतो. आमच्यात भावाभावात मोजनी लावत नाई. मोजनी लावली म्हनजे बोलनं संपलं, आता कोर्टात भेटू, असा अर्थ होते. धावजी माह्या सख्ख्या काकाचा पोरगा. दोघं मिळून धुरा टाकला, त्याचे बैल मेले तं माह्ये नेले, माह्ये मेले तं त्याचे आनले. झाडाचा कायदा आमच्या बाप-आज्यापासून एकच: ज्यानं पानी घातलं त्याचं झाड. वावर कोनाचंही असो. नायकाले इचार, कोनालेही इचार.

तरी म्या धावजीले सांगतलं, मोजनी कराची हाय, कागदासाठी. थो चिलीम भरत होता. थांबला. म्हने, "माह्यावर का इस्वास नाई राह्यला?" म्या म्हनलं, तसं नाई गा, हापिसाले पाह्यजे. म्हने, "हापिसाले पाह्यजे तं हापिसाचा धुरा मोजा. माह्या धुऱ्यावर साखळी कायले?" मंग उठून गेला. चिलीम तशीच राह्यली.

तवापासून संध्याकाळी येत नाई. पंचेचाळीस वर्सं रोज आलेला मानूस हाय थो.

सांग, खरंच लावू का मोजनी? तू शिकेल हायेस. तुले समजते.

तुह्या,
पूनमसिंग


वणी
५ डिसेंबर २०२४

प्रिय पूनमसिंग,

तुझं पत्र अखंड मिळालं. पोस्टमननेही वाचलेलं दिसतं, मला म्हणाला, "मास्तर, तो बाबू खरंच खुर्ची देतो का?"

घर फुकट द्यायला तयार आणि स्वतःचं झाड स्वतःला द्यायला तयार नाही, हे मी वर्गात सांगितलं तर पोरं म्हणतील, सर बनवून सांगतात. पण वहिनीने एका वाक्यात जे सांगितलं ते मला माझ्या तीस वर्षांच्या भाषणांत जमलं नाही. दिलेल्या घरात माणूस देणाऱ्याचा पाहुणा असतो. स्वतः उभारलेल्या घरात तो कुणाचा कुणी नसतो, आणि म्हणून नीट झोपतो.

इथे आमच्याकडे दुसरी तऱ्हा. वरची तूर तुमची, खालचा कोळसा सरकारचा. कोळसा हवा झाला की वरची तूरही सरकारची होते. माझ्या शेजाऱ्याचं वावर गेलं, आणि आता त्याच्या घरात भांडण वावर गेल्याचं नाही, त्याच्या बदल्यात मिळणारी नोकरी कोणत्या पोराला, याचं आहे. घरातले सगळे आता दुसरा तुकडा कधी जाईल याची वाट पाहतात. हक्क काढून घेतला आणि बदल्यात आशा दिली की माणूस हक्क मागायचं विसरतो. मला याचाच कंटाळा येतो अलीकडे. रागही पूर्वीसारखा येत नाही.

आता धावजीचं. तू त्याच्याजवळ जा आणि समजावून सांग, मोजणी त्याच्याविरुद्ध नाही. उलट त्याच्याही भल्याची आहे. तुम्हा दोघांचा विश्वास मी मानतो, पण तुमच्या नातवांचा एकमेकांवर असेल याची हमी कोण देणार? मालकी म्हणजे स्पष्ट हद्द. हद्द स्पष्ट नसेल तर जो जबर तो मालक, आणि आपल्याकडे सगळ्यात जबर कोण ते तुला माहीत आहे. एकदा दगड रोवले गेले की सरकारलाही त्या दगडापलीकडे पाय टाकताना विचार करावा लागतो. निदान पुस्तकात तरी असं लिहिलेलं असतं.

अर्ज मी लिहून सोबत पाठवतोय. त्यात 'सविनय' दोनदा घातलंय. एका 'सविनय'ने फाईल हलत नाही, हा माझ्या भावाच्या पेन्शनचा अनुभव.

लाव मोजणी. धावजी रुसला आहे तो येईल परत. पंचेचाळीस वर्षांची सवय एका साखळीने तुटत नाही.

वहिनीला दम लागतो म्हणजे किती लागतो? जेवताना? बसल्या बसल्या? नीट लिही.

तुझा,
सदाशिव


तांडा, बोरी अरब
२ फेब्रुवारी २०२५

सदा,

उशीर झाला. लिवाले मन होत नवतं.

मोजनी झाली. दोन मानसं आले, साखळी नाई, मशीन होतं, काठीवर लावलेलं. मशीन वर आभाळाले इचारते म्हने आपन कुठं उभे हाय. म्या इचारलं, आभाळाले धावजीचा धुरा मालूम हाय का? थो पोरगा हासला. चांगला होता पोरगा, घरी येऊन चहा पेला, जमनीच्या पाया पडला.

मंग त्यानं चुन्यानं रेघ मारली. मास्तर, रेघ आमच्या धुऱ्यावरून नाई गेली. धुऱ्याच्या अलीकडून गेली, माह्या वावरातून. म्हने, नकाशात हद्द इथं हाय, धुरा तुम्ही चुकीच्या जागी टाकला. धुरा सारा धावजीच्या गट नंबरात. आन् धुऱ्यावरचे साग बी. सारे.

दगड रोवून गेले.

धावजी कडुनिंबाखाली उभा राहून पाहून राह्यला होता. सारे गेल्यावर आला. मले वाटलं आता हा बोलन, पाह्य, लावली ना मोजनी? नाई बोलला. म्हने, "कापून घे ना. माह्या नंबरात निघाले म्हून का माहे झाले? वहिनीनं पानी घातलं, म्या का घातलं?" म्या म्हनलं, तू सही देशीन? म्हने, "सही का, अंगठा बी देतो, दोन्ही हाताचा."

पन हापिसात गेलो तं बाबू म्हने, सात-बाऱ्यावर धावजी एकटा नाई. त्याच्या मेलेल्या भावाची बायको हाय, बहीन आदिलाबादले देल्ली थे हाय, आन् भावाचा पोरगा रामधन, पुन्याले राहते. साऱ्याईची संमती आना. भावाच्या बायकोनं देल्ली. बहिनीनं फोनवर म्हनलं, देते. रामधनले धावजीनं फोन केला, तं रामधन म्हने, "काका, साग आपल्या हिश्शात निघाला म्हनजे आपला झाला ना? अर्धं लाकूड मी घेईन. पुन्यात फर्निचरले लै मागनी हाय."

त्या पोरानं थे झाडं पाह्यली बी नाईत मास्तर. थो जलमला तवा थे कमरेएवढे होते.

धावजीनं फोन ठेवला आन् माह्याकडं पाह्यलं बी नाई. त्याचीच लाज वाटून राह्यली होती त्याले. त्याच्या रक्ताचा ना.

जमनीले सांगतलं. थे म्हने, "त्या मशीननं किती गुंड पानी वाह्यलं, इचारा त्याले." मंग भिंतीकडं तोंड करून झोपली.

आता तू सांग. तुह्या मालकी हक्कानं झाड कोनाचं?

पूनमसिंग


वणी
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय पूनम,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. वर्गात पोरांना पाठ म्हणायला लावला आणि खिडकीतून कोळशाचे ट्रक बघत बसलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. झाड जमनीवहिनीचं. ते तुमच्या तांड्याच्या कायद्याने तिचं होतं, आणि तो कायदा पोलिसाशिवाय, कचेरीशिवाय, पिढ्यान्पिढ्या पाळला जात होता. धुरा कुठे, हे तू आणि धावजीने मिळून ठरवलं आणि दोघांनी मान्य केलं. मालकी याहून वेगळी काय असते? मी मात्र तिला अडाण्यांचा कारभार समजलो, आणि कुठल्या तरी जुन्या कपाटातल्या नकाशाला मालकी समजलो. सरकारने माणसांमध्ये नाक खुपसू नये असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसानेच तुला सरकारला धुऱ्यावर बोलवायला लावलं. इंदूला हे वाचून दाखवलं, तर ती उठून चहा ठेवायला गेली. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पण यावरून माझं मत फिरलं असं समजू नकोस. उलट पक्कं झालं. सरकारचं काम एवढंच आहे की लोकांनी आपसात जे ठरवलं आणि पाळलं, त्याची राखण करावी. त्याऐवजी ते वरून नवीन मालक निर्माण करतं. रामधनला तू शिव्या देऊ नकोस. तो चोर नाही. दगड रोवेपर्यंत त्याच्या मनातही नव्हतं. त्याला कुणीतरी सांगितलं की तुझं आहे, आणि त्याने ते मानलं. आपण सगळेच तसे आहोत.

मी त्याला फोन केला. "सर, सर" करत फार आदराने बोलला. मी झाडं कुणी लावली, पाणी कुणी घातलं, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण कायद्याने माझा हिस्सा आहे ना? तुम्हीच सांगा, हक्क सोडायचा का?" माझ्याच तोंडची वाक्यं तो मला ऐकवत होता. मी त्याला समजावलं की हक्क आणि नोंद या दोन गोष्टी आहेत. त्याला ते समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. समोर लाकडाचा व्यापारी बसलाय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पूनम, तू दोन पत्रांत मशीनचं लिहिलंस, चुन्याचं लिहिलंस, बाबूच्या खुर्चीचं लिहिलंस. मी वहिनीचं विचारलं, त्याला उत्तर नाही. परवा तुझ्या लेकीचा, अंजूचा यवतमाळहून फोन आला होता. दवाखान्यातली ड्यूटी संपवून, जिन्यात उभी राहून बोलत होती. तू जे लिहिलं नाहीस ते तिने सांगितलं. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं की आता औषधाने पुढे काही होणार नाही, घरी ठेवा. तू तिला म्हणालास, "सदा मास्तरला सांगू नको, तो घाबरतो."

खरं आहे. घाबरतो.

साग राहू दे आता. परवानगी येईपर्यंत रामधनची पोरंही सरकारी नोकरीला लागतील. दुसरं काही लाकूड मिळतं का बघ. छप्पर महत्त्वाचं, कशाचं ते नंतर बघू.

सदाशिव


तांडा, बोरी अरब
२० मार्च २०२५

सदा मास्तर,

तुले सांगतलं नाई म्हून रागावला का? सांगून तू का करनार होता, श्लोक म्हनला असता. मले श्लोक पुरत नाई आता.

बातमी हाय. घर झालं.

झालं असं. जमनीनं एक दिवस धावजीले बोलावलं. थो आला, उंबऱ्यात उभा राह्यला, आत येईना. थे म्हने, "भाऊ, झाड कापू नका. मले त्याच्याखाली नेऊन ठेवा." धावजी तसाच मागं फिरला. दुसऱ्या दिवशी बंडीभर बांबू घेऊन आला. बांबूले आता परवानगी लागत नाई म्हने, थे आधी इचारून आला होता, शाना मानूस. तुराट्याचे कुड केले, तांड्यातली लालीबाई आन् बाकीच्या बाया येऊन मातीनं लिपून गेल्या, वरून टिनं टाकले, टिनावर कापसाच्या पऱ्हाट्या, ऊन लागू नाई म्हून. तीन दिवसात झालं. कोनी अर्ज नाई केला.

हे झोपडं धुऱ्याला लागून हाय. म्हनजे धावजीच्या नंबरात. त्या दगडाच्या पल्याड. म्या म्हनलं, धावजी, उद्या रामधन आला तं? थो म्हने, "येऊ दे ना. म्हनाव, काकूले उचल आन् बाहीर ठेव. पाह्यतो कसा ठेवते."

बाज अशी टाकली हाय का तिले पडल्या पडल्या साग दिसतेत. पाला गळून गेला हाय सारा, खालचं काळं खोड तेवढं दिसते. थे रोज त्याईची नावं घेते, हे आधी वाढलं, हे शेळीनं खाल्लं होतं मंग फुटलं. अंजू रजा काढून आली हाय. धावजी संध्याकाळी पुन्हा येऊन राह्यला. चिलीम जमनीपासून दूर बसून ओढते.

जमनी बोलते कमी. पाय सुजले हाय. रात्री बसून राहते, पडलं का दम लागते. म्या तिच्या पाठीमागं बसतो, थे मले टेकून झोपते. तसाच बसतो.

एक इचाराचं होतं तुले, म्हून लिवाले बसलो. थे म्हने, मले इथंच अग्नी द्या, धुऱ्यापाशी. धावजी हो म्हनला. पन वावर नकाशात त्याचं, त्यावर चार नावं, आन् झाडं खात्याच्या यादीत. झाडाजवळ इस्तव पेटवला तं गुन्हा होते का? याले बी परवानगी लागते का? कोनाले इचारावं? तू कायदा वाचतेस. मले लिहून कळव, मंग तसं करतो.

पूनमसिंग


वणी
२४ मार्च २०२५

प्रिय पूनम,

तुझं पत्र आज शाळेत मिळालं. शिपायाने आणून दिलं तेव्हा मी नववीच्या वर्गात होतो. पोरांना सोडून दिलं.

झोपडीला परवानगी लागते का, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मला ते माहीत करून घ्यायचंही नाही. तुराट्यांच्या कुडाची भिंत, धावजीचा बांबू, लालीबाईची माती. कुणी विचारलंच तर त्याला माझ्याकडे पाठव, मी त्याला शिळ्या संस्कृतात उत्तर देतो, तो स्वतःच निघून जाईल.

आणि अग्नीचं. पूनम, कुणालाही विचारू नकोस. तालुक्याला जाऊ नकोस, त्या चांगल्या बाबूलाही विचारू नकोस, नायकालाही नको. वहिनीने सांगितलं आणि धावजी हो म्हणाला, यापुढे जगात कुणाची सही लागत नाही. मी तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो, आणि आता ते कागदावर लिहिताना पहिल्यांदा मला त्याचा अर्थ कळतोय. माणसाने आपल्या बायकोला कुठे निरोप द्यावा, हे त्याने विचारून ठरवायचं, अशी वेळ आपण कधी येऊ दिली? तू तर असा नव्हतास. नाल्यावर पूल नाही म्हणून ओरडणारे आम्ही, आणि दगड टाकून रस्ता करणारा तू. तुझ्यासारख्या माणसाला 'परवानगी लागते का?' हा प्रश्न पडायला लागला. यात मी कायद्याइतकाच दोषी आहे, पण त्याचा हिशोब नंतर करू.

रामधनला मी पुन्हा फोन केला होता. यावेळी मी काही समजावलं नाही. एवढंच म्हटलं, काकू झोपडीत आहे, दम लागतो, येऊन जा. येतो म्हणाला. येईल न येईल. आला तर धावजीला सांग, झाडांबद्दल काही बोलू नका, आधी जेवायला घाला.

मी शनिवारी येतोय. शाळेतून रजा घेतली आहे, किती दिवसांची ते लिहिलेलं नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी अर्ज तसाच पुढे सरकवला, ते बिचारे काय समजले कुणास ठाऊक, मान डोलावली. इंदूही येते आहे. तिने जमनीवहिनीसाठी मऊ लुगडं काढून ठेवलंय, सुती, वजन नसलेलं. मी काय आणू? अंजूला विचारून कळव. पुस्तक आणणार नाही, भिऊ नकोस.

तिथे आल्यावर काय बोलायचं याची तयारी मनात केली आहे, आणि बसमध्येच ती विसरून जाईन, हेही माहीत आहे.

आता जे लिहायला बसलो होतो ते. मी इतके महिने तुला सागाचं, मोजणीचं, सरकारचं लिहीत राहिलो, कारण त्याच्याशी मला भांडता येतं. खरी काळजी वेगळी आहे. वहिनी गेल्यावर तू त्या झोपडीतून उठणार नाहीस, अशी मला भीती वाटते. अंजूला यवतमाळला परत जावं लागेल. धावजी संध्याकाळी येईल आणि जाईल. तू तिच्या पाठीमागे बसतोस तसाच बसून राहशील, कुणी टेकायला नसताना. तुला कमी ऐकू येतं, फोन तू उचलत नाहीस, आणि मी वणीत असतो.

म्हणूनच रजेच्या अर्जात दिवस लिहिलेले नाहीत, पूनम.

सदाशिव